राजाबाईची रवी आणि जयाबाईचा भुंगा

कंग्राळीच्या राजाबाईला दुसऱ्याच्या तव्यावरची भाकरी नेहमी जास्त फुगलेली दिसायची. बाई वाईट नव्हती हो. कुणाची बाळंतीण अडली तर पदर खोचून पहिली धावायची, दारात कुणी उपाशी उभं राहिलं तर आपल्या ताटातलं उचलून द्यायची. पण देता देता आपल्या वाटणीपेक्षा मोठी चतकोर तर गेली नाही ना, एवढं मात्र डोळ्यांनी तोलून घ्यायची. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते तिच्याकडे बघूनच कुणी तरी म्हटलं असावं.

माहेर तिचं निपाणीचं. बाप तंबाखूच्या वखारीत. लेक शिंकत शिंकत मोठी झाली आणि लग्न होऊन कंग्राळीला आली ती मष्णूच्या घरची थोरली सून म्हणून. सासू मनुबाई. कपाळ तरुणपणीच पांढरं झालेलं, तोंड मात्र कुणाला न आवरणारं. तिनं राजाबाईच्या हातात रवी दिली आणि सांगितलं, ही आता तुझी. त्या घरात रवीला मोठा मान. ताक घुसळायचं थोरल्या सुनेनं, लोणी काढायचं तिनं, कुणाच्या भाकरीवर केवढा गोळा पडायचा हेही ठरवायचं तिनंच. धाकटीनं शेणगोठा करावा, भाकऱ्या बडवाव्यात, पण रवीच्या दोरीला बोट लावायचं नाही. राजाबाईला जन्मात दुसरा कसला मान मिळाला नव्हता. म्हणून हा एक ती दागिन्यासारखा जपायची. लोण्याच्या गाडग्यात नखानं खूण करून ठेवायची, कुणी हात मारला तर कळावं म्हणून.

नवरा मष्णू देवमाणूस. बैलांमागं चालून चालून बैलांसारखाच गप झालेला. भाजीची गाडी घेऊन बेळगावात खडेबाजाराला जायचा. येताना बायकोसाठी काय आणावं? एकदा विळा आणला. एकदा सूप आणलं. त्यावर तिनं तोंड फुगवलं, म्हणून मग दुसरा विळा आणला.

धाकटा दीर भरमू तसा नव्हता. तो कॅम्पात एका गोऱ्या डॉक्टर साहेबाकडं अर्दली होता. घरी आला की खिशातून बायकोसाठी कधी वासाचा साबण निघायचा, कधी काचेच्या बांगड्या. बायको जयाबाई. तिशीला टेकलेली, पण हसली की गालाला खळी पडणारी. ती न्हाऊन गेली की राजाबाई न्हाणीत शिरायची आणि उगाच उभी राहायची. साबणाचा वास संपेपर्यंत. मग बाहेर येऊन म्हणायची, काय बाई हा वास, डोकंच उठलं.

पहिल्या लढाईचे दिवस होते ते. राजाबाईची आई आजारी पडली म्हणून ती निपाणीला गेली आणि तंबाखूचा हंगाम सरेपर्यंत तिकडंच अडकली. तिथंच तिला कळलं, की साहेबाबरोबर भरमूलाही लढाईवर, पार बसऱ्याला नेलं. राजाबाईला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटता वाटता आत कुठं तरी बरंही वाटलं. आपला विळेवाला का असेना, घरात आहे. कीव करायला कुणी मिळालं की तिच्या जिवाला थंडावा यायचा. परतताना गाडीत बसून तिनं वाटभर जयाला समजावायचे शब्द जुळवले. रडू नकोस म्हणावं. देव बघतोय म्हणावं. डोईवरून हात फिरवावा.

दारात उतरली आणि सगळे शब्द घशातच राहिले. जया अंगणात धुणं वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. तोंड असं, की आत कंदील लावून ठेवलाय. डोळ्यांत पाणी नाही, गालांत खळी. नवरा सातासमुद्रापार आणि ही बया चवळीच्या शेंगेसारखी तजेलदार. राजाबाई तशीच गाठोडं काखेत धरून उभी राहिली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला. हिला झालंय काय? कुणी आहे म्हणावं, तर जया उंबरा ओलांडून कुठं जात नव्हती. देवाचं वेड लागलं म्हणावं, तर देवापुढं हात जोडतानाही ही हसायची. मग एका दुपारी सासू ओसरीवर घोरत असताना राजाबाईच्या कानावर आवाज आला. जयाच्या बंद खोलीतून. घर्रर्र व्हायचं, थांबायचं, परत घर्रर्र.

राजाबाईनं भिंतीला कान लावला. तो मग निघेना. हा आवाज तिला ओळखू येणार नाही तर कुणाला? घुसळण्याचाच आवाज. खडेबाजारातल्या बायका सांगायच्या, की गोरी माणसं रवी फिरवत नाहीत, चाक फिरवून लोणी काढतात. भरमूनं जाताना बायकोला विलायती रवी आणून दिली होती तर. ही दुपारची दार लावून लोणी काढत होती आणि एकटीच खात होती. तोंडावर तुकतुकी आली ती उगाच नाही.

राजाबाई धावत गाडग्याकडं गेली. लोणी तिच्या नखाच्या खुणेखाली गेलेलं. आता तर संशयाला जागाच उरली नाही. विरजणही घरचं, चोरीही घरची. साबण गेला, बांगड्या गेल्या, त्याचं एक सोडा. पण रवी? तो तर तिचा मान. तिला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. मष्णूनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, तुमच्या भावानं बायकोला रवी आणलीय आणि तुम्ही मला विळे आणा. त्या बिचाऱ्यानं विळ्याची धार गेली असं समजून दुसऱ्या दिवशी दोन्ही विळ्यांना धार लावून आणली.

मग एका दुपारी परत घर्रर्र सुरू झालं, तशी राजाबाई उठली आणि जयाचं दार ठोठावलं. आवाज पटकन थांबला.

“दार उघड गं जये. लोणी दाखव.”

“कसलं लोणी आक्का?”

“तुज्या तोंडावर चढलंय ते.”

दार उघडलं. जयाचा अंबाडा सुटलेला, गाल तापलेले, दम भरलेला. राजाबाई आत घुसली आणि कोपरान् कोपरा धुंडाळू लागली. गाडगं नाही, दोरी नाही, ताकाचा थेंब नाही. ती काय शोधतेय ते जयाच्या ध्यानात आलं, आणि ती जी हसत खाली बसली ती बसलीच. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. राजाबाईला असा संताप आला, की हात उगारला असता. तेवढ्यात जयानं पेटीतून निळ्या मखमलीचा एक डबा काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

आत एक यंत्र होतं. चकचकीत धातूचं, हातात मावेल एवढं. एका अंगाला लाकडी मूठ, दुसऱ्या अंगाला फिरवायचा दांडा, मधे दातेरी चाकं, आणि टोकाला रबराचा एक गोल गोंडा. दांडा फिरवला, की गोंडा थरथरायचा आणि भुंग्यासारखा गुणगुणायचा. जयानं त्याला नावच भुंगा ठेवलं होतं. डॉक्टर साहेबाच्या मडमेचं ते, पाठ दुखायला लागली की लावायचं. मडम विलायतेला परत निघाली तेव्हा तिनं ते भरमूला दिलं, आणि राजाबाई निपाणीत असताना भरमूनं ते आईच्या गुडघ्यांसाठी घरी आणलं. मनुबाईनं एकदाच लावून घेतलं. माझ्या हाडात जातं फिरवतोस काय, म्हणून लेकाला शिव्या घातल्या आणि ते नेऊन टाक म्हणाली. जयानं ते टाकलं ते आपल्या पेटीत.

राजाबाईनं बोट लावून बघितलं. चाकाला तुपकट लागलं. बोट हुंगलं. लोणीच.

“थोडंच घेतलंया आक्का,” जया ओशाळून म्हणाली. “चाक कुरकुरतंय.”

“रवी माजी, अन् लोणी तुज्या चाकाला?”

पण ते बोलण्यापुरतं. राजाबाईचं चित्त आता लोण्यावर नव्हतंच. ती जयाच्या तोंडाकडं बघत होती. जया मान खाली घालून सांगत होती, की कंबरेला बरं वाटतं. राजाबाईनं विचारलं, कंबर दुखायची राहिली म्हणून माणूस असं उजळतं होय? जया सुटलेला अंबाडा बांधायला लागली. राजाबाईनं मग थोरलेपणाचा आवाज काढला. यंत्र सासूचं, म्हणजे घरचं. घरचं, म्हणजे आधी थोरलीचं. तिचीही कंबर आहे, आणि धाकटीपेक्षा जुनी आहे. जयाला नाही म्हणता येईना. तिनं डबा उचलून जावेच्या ओटीत ठेवला, ओटीच भरल्यासारखा. मग दाराशी तिला थांबवून हळूच म्हणाली,

“तुमी कंबरंलाच लावा आक्का. पुढचं ते सोताच सांगतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी राजाबाई भाताच्या कणग्यांच्या खोलीत गेली. कडी घातली, पोत्यांवर टेकली. एका हातानं मूठ धरली, दुसऱ्यानं दांडा फिरवला. आधी खांद्याला लावलं, तर दात असे वाजले की तीच दचकली. हसू आलं. मानेला लावलं, गुदगुल्या झाल्या. मग कंबरेला. कंबर खरंच दुखत होती, कित्येक वर्षं, आणि त्या दुखण्याची कुणी विचारपूस केली नव्हती. ते दुखणं आता लोण्यासारखं वितळत चाललं, आणि राजाबाईनं डोळे मिटले.

पुढचं त्यानं खरंच स्वतः सांगितलं. सांगितलं ते असं, की हात आपोआप वाट काढत गेला, आणि राजाबाईनं त्याला अडवलं नाही.

त्यांच्या मळ्यात एक शेवटचा वाफा होता. विहिरीपासून लांब. मोटेचं पाणी पाटानं यायचं, वाटेतल्या सगळ्या वाफ्यांना पाजत यायचं आणि त्या वाफ्यापर्यंत पोचायच्या आधी आटायचं. त्यात काही पेरायचं सुद्धा बंद केलं होतं. राजाबाईला त्या दुपारी वाटलं, की पाटाचं दार कुणी तरी उघडं विसरलं आणि पाणी आलंय. येतंय, मुरतंय, भेगा भिजवतंय, आणि अजून येतंय. तिचा फिरवायचा हात थकला तरी थांबवेना. मग एकाएकी सगळा वाफा तुडुंब झाला, बांधावरून पाणी गेलं, आणि ती पोत्याला तोंड खुपसून गप पडून राहिली. भुंगाही गप झाला.

चार लेकरं झाली होती तिला. संसारात एवढंच असतं अशी तिची समजूत होती. धक्काबुक्कीतली जत्रा, दर्शन झालं म्हणायचं आणि घरी यायचं. आणि हे इतके दिवस आपल्याच अंगात होतं? तिला आधी रडू आलं, मग राग आला. तिला स्वतःच्याच अंगाचा हेवा वाटला, सगळं ठाऊक असून एवढी वर्षं तोंड शिवून बसलं म्हणून. आणि तिथून तो हेवा वळला तो थेट जयावर. आपण तिकडं निपाणीत तंबाखूत शिंकत असताना जयानं दुपारीमागून दुपारी हे एकटीनं भोगलं होतं. किती लांब निघून गेली असेल ती पुढं.

डबा तिनं परत केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जया दोनदा दाराशी घुटमळून गेली. शेवटी तिनं सरळ विचारलं, कंबर राहिली का. राजाबाई म्हणाली, जुनी कंबर, वेळ लागणार. मग जया रुसली, भाकऱ्या जळू लागल्या, डाळीत मीठ पडेना. मनुबाईनं विचारलं, सुनांना झालंय काय. तेव्हा कुठं दोघींचं ठरलं, की पाळी लावायची. आणि सासूसमोर बोलता यावं म्हणून नावही ठरलं, लोणी.

आज लोणी कुणाचं, असं एकीनं विचारायचं. दुसरीनं सांगायचं, काल तुझं झालं, आज माझं. मनुबाई एकदा म्हणाली, अगं एवढं लोणी निघतंय तर माझ्या भाकरीवर का दिसत नाही? त्या दिवशी तिच्या भाकरीवर असा गोळा पडला, की भाकरी दिसेना.

पण पाळी लावली म्हणून हेवा जातो थोडाच. जयाची पाळी असली, की राजाबाई भिंतीपलीकडं तांदूळ निवडत बसायची आणि कान देऊन मापायची, आपल्यापेक्षा जास्त वेळ तर चालत नाही ना. जया बाहेर आली, की तिच्या गालांचा रंग बघायची. आपले गाल तसे होतात का, ते बघायला पितळेच्या तांब्यात तोंड बघायची. तांब्यात तोंड लांबडं दिसायचं. तेही तिला जयाचंच कारस्थान वाटायचं. मष्णूलाही तिनं एकदा वळणावळणानं सांगून पाहिलं, की एवढी घाई कशाला, जमीन आधी नीट भिजू द्यावी, मग पेरावं. मष्णूनं विचार केला आणि म्हणाला, खरं हाय तुजं, अवंदा पेरणी उशिराच करू. तिनं कपाळाला हात लावला.

लढाई संपली. भरमू धडधाकट परत आला. पलटणीनं त्याला खडकीला नेमलं आणि तो बायकोला घेऊन जायला आला. घरात आनंदीआनंद. राजाबाई मात्र हिशेब मांडत बसली. जया जाणार, तर तिच्या पेटीबरोबर भुंगाही जाणार. हिला नवरा परत मिळाला, साबण मिळाला, बांगड्या मिळाल्या, आता शहर मिळालं. आणि वर भुंगाही हिचाच? जिच्या घरात विळेच विळे तिनं काय करावं?

तिनं एक दिवस वाट बघितली, जया आपणहून देते का. जयानं डबा लुगड्यांच्या घडीत बांधलेला दिसला. मग राजाबाईला राहवलं नाही. ती सासूपुढं जाऊन बसली आणि न्यायाची भाषा बोलू लागली. भरमूभावजींनी यंत्र आणलं ते आत्तीबाईंसाठी. ते घरचं आहे. धाकटी ते घेऊन चालली. ज्या घरात रवी थोरलीच्या हातात, त्या घरात यंत्रही थोरलीच्याच हातात राहायला हवं.

मनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग जयाला हाक मारली. जया डबा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. तिचे डोळे राजाबाईवर असे रोखलेले, की राजाबाईनं भिंतीकडं बघितलं. सासूनं डबा उघडला, दांडा फिरवून बघितला, चाकाला बोट लावलं, बोट हुंगलं. एकदा थोरलीकडं बघितलं, एकदा धाकटीकडं. दोघींच्या गालांकडं.

“रोज दुपारी ह्यो आवाज म्या ऐकत हुतो,” ती म्हणाली. “वाटलं, सुना लई कष्टाच्या हायत.”

दोघींनी माना खाली घातल्या. मनुबाईनं डबा बंद केला आणि आपल्या उशाशी ठेवला.

“भरमूनं माज्या गुडघ्याला आणलंय न्हवं? मग माजं गुडघं दुखत्यात. जावा आता.”

जया खडकीला गेली ती राजाबाईशी न बोलता. आणि त्यानंतर कंग्राळीच्या त्या घरात दुपारी सासूच्या खोलीची कडी लागायची, आणि आतून आवाज यायचा. घर्रर्र. राजाबाई बाहेर तांदूळ निवडत बसायची. जीव जळायचा. पांढऱ्या कपाळाच्या बाईला काय हवं असतं ते सगळ्या गावात कुणी कधी विचारलं नव्हतं, राजाबाईनंही नाही. आता रोज दुपारी तिला उत्तर ऐकू येत होतं. म्हातारीचे गुडघे काही बरे झाले नाहीत. स्वभाव मात्र मऊ पडला. सुनेला शिव्या देणं कमी झालं, नातवंडांना मांडीवर घेऊन गाणी म्हणायला लागली. राजाबाईला त्याचाही हेवा वाटला.

आणि गाडग्यातलं लोणी काही टिकेना. नखाच्या खुणेखाली जायचं ते जायचंच. जया नव्हती, मग चोर कोण? राजाबाईनं मांजराला चोपलं, शेजारच्या यशोदाबाईशी अबोला धरला, गाडगं उंच शिंक्यावर टांगलं. तरी कमीच.

पुष्कळ वर्षं गेली. मनुबाई पिकल्या पानासारखी गळून पडली, झोपेत, ओठांवर हसू ठेवून. जया खडकीहून आली, केसांत रुपेरी तारा घेऊन. तेरावा झाला, पाहुणे गेले, पुरुष मळ्यात गेले. किल्ल्या राजाबाईच्या कमरेला आल्या होत्या. तिच्या मनात काय काय येऊन गेलं. सासूची पेटी नंतर उघडावी. जया गेल्यावर. विचारलं तर सांगावं, मोडलं ते, फेकलं. इतकी वर्षं जी जिवाला टोचणी होती, ती आता एका किल्लीनं निघणार होती, आणि ती निघताना बघायला जया कशाला हवी?

पण मग तिला वाटलं, की एकटीनं उघडलं तर बाहेर तांदूळ निवडत कोण बसणार? कान देऊन मापणार कोण? जिचा हेवा करायचा तीच नसली तर दुपार कशी जाणार?

तिनं जयाला हाक मारली. दोघी सासूच्या खोलीत शिरल्या, कडी लावली. राजाबाईनं पेटी उघडली. लुगड्यांखाली निळ्या मखमलीचा डबा होता. मखमल विटली होती, यंत्र तसंच चकचकीत. आणि डब्याला टेकून एक वाटी. तिच्यात लोणी. बोटाची खूण अजून तशीच.

राजाबाई त्या वाटीकडं बघत राहिली. मांजराची आठवण झाली. यशोदाबाईची झाली. मग जी हसायला लागली, की तिला खाली बसावं लागलं, आणि जयाही बसली, त्या पहिल्या दुपारसारखीच, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

हसू ओसरल्यावर जयानं यंत्र उचललं आणि दांड्यावर हात ठेवला.

“ठेव खाली,” राजाबाई म्हणाली. “थोरली म्या.”